सातारा ते सांगली : पायगाडीचा एक दिवस

जुन्या पिढीने सायकलीस 'पायगाडी' असे नाव दिले होते. ते आता मागे पडले, परंतु आम्हांस ते अद्याप अधिक अर्थपूर्ण वाटते. 'सायकल' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील चाकाचा वाचक शब्द आहे, आणि तो आपल्या 'चक्र' शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे 'सायकल' म्हटल्याने चाकाचा बोध होतो. 'पायगाडी' म्हटल्याने ते चाक फिरविणाराचा बोध होतो. या वाहनाचे सारे मर्म त्या दुसऱ्या गोष्टीत आहे. येथे घोडा नाही, बैल नाही, तेल नाही, की वीज नाही. बसणारा तोच ओढणारा. बसल्या जागी दुसऱ्याने न्यावे, ही अपेक्षा ज्याने सोडली त्यानेच या वाहनावर बसावे.

गेल्या मार्गशीर्षात एके दिवशी आम्ही साताऱ्याहून सांगलीस पायगाडीवरून गेलो, त्याची ही हकीकत आहे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी केलेला पराक्रम म्हणून ती सांगण्याचा हेतू नाही. याहून लांबचे पल्ले याहून वयस्क माणसे मारीत असतात. परंतु त्या दिवशी जे पाहिले व ऐकले त्याचा संबंध पुष्कळांच्या घरात उठणाऱ्या एका प्रश्नाशी आहे, म्हणून वाचकांची थोडी घटका घेत आहो.

तो प्रश्न आमच्याही घरात उठला होता. आमची नात इयत्ता आठवीत आहे. शाळा घरापासून तीनएक किलोमीटर. आजवर ती इतर मुलींबरोबर रिक्षातून जात असे. तिने पायगाडीची मागणी केली आणि घरात दोन पक्ष झाले. चिरंजीवांचे म्हणणे असे की, रस्त्यावरची वाहने हल्ली ज्या रीतीने धावतात ती पाहता मुलीस एकटी सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. सूनबाईंचे म्हणणे, शाळा आणि शिकवणी यांत पोर आधीच दमते, तिला आणखी पायडल मारावयास कशाला लावावयाचे? नात म्हणे, "चुलत दादा सहावीपासून सायकलवर जातो, तेव्हा कोणी काही म्हटले नाही." या वादात आमच्या सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. शेवटी भाजी निवडता निवडता त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या माहेरी भावाला सायकल मिळाली, आणि मला ती पुसायला मिळाली." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "चार दिवस थांबा. ज्या रस्त्यांविषयी आपण बोलतो आहो, ते एकवार पायगाडीवरून पाहून येतो."

आमची थोरली कन्या सांगलीस दिली आहे. तेव्हा मुक्कामाचे ठिकाण ठरलेलेच होते. राहिला मार्ग. कऱ्हाडवरून जाणारा हमरस्ता सरळ खरा, पण तो मोटारींचा. आम्ही वर्गात 'मेघदूत' शिकवीत असता मुलांस नेहमी एक गोष्ट दाखवीत असू. यक्षाला निरोप पोहोचविण्याची एवढी घाई, तरी तो मेघास उज्जयिनीसाठी वाट वाकडी करावयास सांगतो. जी नगरी न पाहता पुढे गेल्याने डोळे फुकट जातील, तिच्यासाठी थोडे वळण घेणे हा कालापव्यय नव्हे. आम्हीही तेच केले. कोरेगाव, रहिमतपूर, औंध, पुसेसावळी, कडेगाव, देवराष्ट्रे, कुंडल, किर्लोस्करवाडी, भिलवडी आणि सांगली असा आडमार्ग आखला. चिरंजीवांची एकच अट होती : प्रत्येक गावी पोहोचताच दूरध्वनी करावयाचा. अट वाजवी होती. ती मान्य केली.

पहाटे पाच वाजता निघालो. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा, डोक्यास शिरस्त्राण, पिशवीत सौभाग्यवतींनी दिलेल्या दशम्या, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. माहुलीस पोहोचेपर्यंत अंधारच होता. कृष्णा आणि वेण्णा यांचा तेथे संगम. निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. पुलावर क्षणभर थांबलो. खाली पाणी दिसत नव्हते, पण धुक्याचा पट्टा नदीची वाट दाखवीत होता. मोटारीतून शेकडो वेळा हा पूल ओलांडला असेल. येथे दोन नद्यांचा गारवा वेगळा जाणवतो हे त्या दिवशी प्रथम कळले. पुढे उजाडू लागले तसा जरंडेश्वराचा डोंगर काळ्याचा निळा झाला, आणि दुतर्फा शाळूची शेते दिसू लागली.

कोरेगावच्या उत्तरेस सातारा रोडच्या बाजूस धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना १९२२ साली निघाला. आमच्या वाटेवर तो नव्हता, परंतु त्याची आठवण होण्यास कारण आहे. त्याच्या उभारणीत कर्मवीर भाऊराव पाटील यांचा हात होता, आणि त्यापूर्वी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचेही काम केले होते. नांगर विकण्यासाठी खेडोपाडी हिंडताना बहुजन समाजाचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. मुलाने स्वतः राबून शिकावे, हे तिचे तत्त्व. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, हे या जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या मुलांस स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी एका गृहिणीने आपले सौभाग्यलेणेसुद्धा राखले नाही. ज्या घरांतून आज मुली शिकतात, त्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये.

रहिमतपुरास चहा घेतला. नाटककार वसंत कानेटकर यांचे हे जन्मगाव. टपरीवाल्याने पायगाडी भिंतीस नीट टेकवून घेतली आणि बसावयास बाकाची उन्हातली बाजू दिली. मोटारीतून उतरणाऱ्या प्रवाशास चहा मिळतो. पायगाडीवाल्यास चहाबरोबर चौकशीही मिळते. कोठून आला, कोठे निघाला, घरी कोण कोण असते, एवढे झाल्यावाचून कप पुढे येत नाही.

रहिमतपुराहून औंधचा रस्ता चढउताराचा आहे. चढाने सपाटून घाम काढला. दोन ठिकाणी आम्ही उतरून पायगाडी हाती धरून चाललो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उतरून चालता येणे ही तर या वाहनाची सोय आहे. नऊच्या सुमारास यमाईचा डोंगर दिसला. गावातील देवळापुढच्या उंच दीपमाळेपाशी पायगाडी लावली आणि डोंगरावरच्या देवीस खालूनच हात जोडले.

औंध हे लहानसे संस्थान होते, पण त्याच्या अधिपतींचे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे, मन लहान नव्हते. सूर्यनमस्कारांचा प्रसार हे त्यांनी आयुष्याचे व्रत केले आणि आपल्या राज्यातील शाळांतून ते सक्तीचे केले. १९३८ साली उघडलेले त्यांचे चित्रसंग्रहालय आजही लोक लांबून पाहावयास येतात. राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माय-लेकराचे शिल्पही तेथे आहे. १९३९ साली तर त्यांनी अपूर्वच गोष्ट केली. पुत्र अप्पासाहेब, पोलंडचे मॉरिस फ्रीडमन आणि महात्मा गांधी यांच्या विचाराने त्यांनी राज्याची घटना करविली आणि सत्ता ग्रामपंचायतींमार्फत प्रजेच्या हाती सोपविली. आमच्यासारख्या संस्कृतज्ञास औंधचे आणखी एक ऋण आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ पुष्कळ वर्षे येथेच होते. १९४८ च्या सुमारास ते गुजरातेत पारडी येथे गेले. पंडितजींनी 'संस्कृत स्वयं-शिक्षक' लिहिले. स्वतःच स्वतःचा गुरू व्हावे, हा त्या नावातला भाव आम्हांस फार प्रिय आहे. व्यायाम स्वतः करावा, राज्य स्वतः चालवावे, विद्या स्वतः मिळवावी, या तिन्ही गोष्टी एकाच लहान गावातून निघाल्या!

पुसेसावळी मागे टाकली आणि अर्ध्या तासाने मागचे चाक बसले. बाभळीचा काटा! जवळच्या फाट्यावर पंक्चरचे दुकान होते. दुकानदार पन्नाशीचा गृहस्थ. त्याने ट्यूब काढली, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडविली, बुडबुडे येत होते ती जागा बोटाने दाबून धरली आणि मग आमच्याकडे पाहिले.

"आजोबा, कुठनं आलायसा?"

"साताऱ्याहून."

"आन् चाललाय कुठं?"

"सांगलीस."

त्याने पायगाडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि काळजीच्या स्वराने विचारले, "घरच्यांशी भांडान झालंय व्हय?"

आम्ही हसलो. भांडण नव्हे, पण वाद आहे खरा, असे म्हणून त्यास सारी हकीकत सांगितली. ट्यूब घासून, त्यावर ठिगळ बसवून ते ठोकीत असता तो म्हणाला, "पूर्वी दिसाला दहा-पंधरा सायकली यायच्या. शेतकरी, मास्तर, दूधवालं, समदी सायकलवर. आता समद्यांच्या बुडाखाली मोटारसायकल आली. सायकल येती ती साळंतल्या पोरींची. त्यांचं पंक्चर म्या आधी काढतो. पोरगी थांबली की घंटा चुकती, आन् दोनचारदा घंटा चुकली की घरचं म्हणत्यात, ऱ्हाऊं दे साळा." पैसे देऊ लागलो तेव्हा त्याने मजुरीचे घेतले, चहाचे घेतले नाहीत.

कडेगावास पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. मोहरमातील उंचच उंच ताबुतांसाठी आणि त्यांत हिंदू-मुसलमानांनी मिळून भाग घेण्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. एका वडाखाली दशम्या खाल्ल्या आणि घटकाभर पडलो. एके काळी हा सारा मुलूख कोरडा म्हणून ओळखला जाई. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी चढवून इकडे आणले, तेव्हापासून उसाचे मळे दिसू लागले. पाण्याने शेत हिरवे केले, पण रस्त्यास नवे संकटही दिले. एका ट्रॅक्टरामागे दोन-दोन गाड्या जोडून, बाहेर लोंबणाऱ्या उसासह त्या जेव्हा शेजारून जातात, तेव्हा पायगाडीवाल्याने रस्ता सोडून खाली उतरणे हेच शहाणपण. चिरंजीवांची भीती पोकळ नव्हती, याची साक्ष त्या दुपारी आम्हांस तीन वेळा मिळाली, आणि आम्ही ती मनात टिपून ठेवली.

सातारा जिल्हा केव्हा संपला आणि सांगली जिल्हा केव्हा लागला, हे पायांस कळले नाही. कळण्याचे कारणही नव्हते. १९४९ सालापूर्वी हा सारा एकच मुलूख समजला जाई. त्या साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. १९१३ साली एका साध्या शेतकरी घरात जन्मलेला हा मुलगा १९६० साली महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. त्यापुढे सागरेश्वरची जुनी शिवमंदिरे आणि भोवतालचे अभयारण्य. खिंडीचा चढ मोठा नाही, परंतु पाय दिवसभराचे शिणलेले. तेथे पुन्हा उतरून चाललो. उतारावर मात्र वारा कानांत गाऊ लागला आणि कुंडल दिसू लागले.

कुंडल हे स्वातंत्र्यसंग्रामातील गाव. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे हे एक मुख्य ठाणे, आणि त्याच्या तुफान सेनेचे धुरीण जी. डी. बापू लाड हे येथलेच. तिन्हीसांजेच्या थोडे आधी आम्ही त्या बाजूस पोहोचलो आणि शाळा सुटलेल्या मुलींचा तांडा समोरून आला. वीसएक मुली, सर्व पायगाड्यांवर. दप्तरे मागे बांधलेली, वेण्या मागे उडत असलेल्या. आमचे शिरस्त्राण आणि पांढऱ्या मिशा पाहून त्यांस हसू आवरेना. एकीने धीर करून विचारले, "आजोबा, कुठनं आलाय?" सातारा म्हणताच हसू थांबले. सगळ्या उतरल्या आणि आमच्या पायगाडीभोवती उभ्या राहिल्या.

त्यांपैकी एक नववीत होती. तिची वस्ती गावापासून पाच किलोमीटरवर. पायी यावयाचे तर जाण्यायेण्यात अडीच तास मोडतात, आणि बस वेळेवर येईल तेव्हा येते. आम्ही विचारले, "भीती नाही का वाटत?" ती म्हणाली, "वाटती की. पण ताईच्या वेळेला सायकल नव्हती. सातवीनंतर तिची शाळा बंद झाली. त्याची जास्त भीती वाटती." एवढे बोलून ती पायगाडीवर बसली आणि गेलीदेखील. आम्ही चाळीस वर्षे मुलांस उत्तरे विचारीत आलो; याहून नेमके उत्तर क्वचितच ऐकले असेल.

कुंडलाजवळच किर्लोस्करवाडी. हा भाग त्या काळी औंध संस्थानातच मोडत असे. तिचा आणि पायगाडीचा संबंध पुष्कळांस ठाऊक नाही, म्हणून सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी उद्योगाचा आरंभ केला तो नांगरांनी नव्हे, पायगाड्यांनी. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे पायगाड्यांचे दुकान निघाले. लक्ष्मणराव पायगाड्या विकीत आणि बसावयास शिकवीतही. योगायोग पाहा, त्याच वर्षी डनलप यांनी हवेच्या धावा तयार केल्या आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सुखाचे झाले. पुढे लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत असल्याने आरंभी कोणी त्यास हात लावीना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांस आपल्या संस्थानातला निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ दिला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे तेथूनच 'किर्लोस्कर' मासिक निघाले, आणि १९३० साली 'स्त्री'. पायगाडीच्या दुकानापासून निघालेली वाट अशी स्त्रियांच्या मासिकापर्यंत गेली.

कारखान्याबाहेर उभे राहून आम्ही विचार केला, नव्या साधनाने जमीन विषारी होईल म्हणणारी माणसे मूर्ख नव्हती. जमीन हेच त्यांचे सर्वस्व होते, म्हणून ती भीत होती. आपणही मुलीविषयी भितो ते ती सर्वस्व आहे म्हणूनच. परंतु ज्याने भीत भीत का होईना नांगर घातला, त्याचेच शेत खोल नांगरले गेले. इतरत्रही हेच दिसून आले आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया अक्षरांबरोबर पायगाडी शिकल्या. बिहारात २००६ पासून नववीच्या मुलींस पायगाडीसाठी पैसे देण्यात येऊ लागले, आणि ज्या गावांपासून शाळा लांब होती तेथे मुलींची संख्या विशेष वाढली, असे अभ्यासकांस आढळले. अंतर मुलींच्या आड येते, आणि दोन चाके ते अंतर कमी करतात. याहून यात गूढ काही नाही.

पलूसचे द्राक्षमळे ओलांडून भिलवडीस कृष्णा पुन्हा भेटली. पहाटे माहुलीस अंधारात सोडलेली ही नदी संध्याकाळी घाटाखाली तांबूस पाण्याने वाहत होती. पलीकडे औदुंबरचे दत्तस्थान. सायंकाळच्या वेळी तेथे मन आपोआप जाते. पाच मिनिटे बसून निघालो. शेवटचा टप्पा दिव्यांच्या उजेडात गेला. जावईबापू नांद्र्यापर्यंत सामोरे आले आणि त्यांनी आपली मोटार आमच्या मागे सावकाश चालविली. रात्री आठच्या सुमारास सांगली गाठली. कन्येने पायांवर ऊन पाणी घातले आणि एका शब्दाने रागावली नाही; तिचे डोळे मात्र रागावले होते.

परत आल्यावर घरी व्याख्यान दिले नाही. जे पाहिले ते सांगितले : उसाच्या गाड्यांचेही सांगितले, कुंडलच्या मुलीचेही सांगितले. मग आम्ही सर्वांनी बसून काही नियम ठरविले. हमरस्ता वर्ज्य, शाळेस जाणारा मागचा रस्ता लांब असला तरी तोच धरावा. शिरस्त्राण, घंटा, ब्रेक आणि मागचा तांबडा दिवा यांवाचून पायगाडी दारातून हलू नये. दिवस मावळण्याच्या आत घरी. पंक्चर काढावयास स्वतः शिकावे. आणि पहिला महिनाभर घरातील एका वडील माणसाने बरोबर जावे. शेवटच्या नियमाने आमची सोय झाली, हे सांगणे नलगे. चिरंजीवांनी पायगाडी आणली, ती सौभाग्यवतींनी पुसली; या वेळी स्वतःच्या नातीसाठी.

सुशिक्षित घरांतून मुलींस शिक्षण मिळते, पुस्तके मिळतात, शिकवण्या मिळतात. परंतु त्यांस सर्वत्र कोणीतरी पोहोचवावे लागते. जी मुलगी नेहमी पोहोचविली जाते, तिला वाट कधी कळत नाही. चढावर कोठे उतरावे, उतारावर कोठे आवरावे, जड गाडी आली असता कोणत्या बाजूस व्हावे, हे दुसऱ्याच्या मागे बसून शिकता येत नाही. भीती सोडा, असे आम्ही कोणास सांगत नाही. ती प्रेमाचीच आहे. परंतु त्या भीतीने दार लावण्याऐवजी वाट नीट करावी, एवढीच वाचकांस विनंती. वाट नीट करणे हे वडिलांचे काम आहे. ती चालणे हे ज्याचे त्याचे.